आजीचा आवाज आणि घरातला पंखा

राणी चन्नम्मा यांचा जन्म १७७८ साली आपल्या काकतीत झाला आणि १८२४ साली त्या कित्तूरला इंग्रजांशी लढल्या, हे येथील लहान मूलही सांगेल. त्यांचा आवाज कसा होता, हे मात्र कोणासच सांगता येणार नाही. एडिसनचा फोनोग्राफ निघाला तोच मुळी १८७७ साली. आज मुठीत मावेल असे ध्वनिमुद्रण यंत्र मिळते आणि मुले ते घेऊन आजी-आजोबांपुढे बसतात, ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु असली मुद्रणे ऐकताना पुष्कळदा आम्हांस खेद होतो. आजी कोठेतरी दूर बोलत असते आणि पंखा अगदी कानाशी घरघरत असतो.

हा दोष यंत्राचा नव्हे. आपले कान नको तो आवाज नकळत बाजूस सारतात. यंत्रास ती निवड साधत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी घटकाभर डोळे मिटून खोली ऐकावी. पंखा थांबवावा, फ्रिज बंद करावा (आणि नंतर आठवणीने सुरू करावा, नाही तर नासलेल्या दुधाचा दोष मास्तरांच्या माथी यायचा!). पुणे-बंगळूर महामार्गावरच्या मालमोटारी काही आपल्यासाठी थांबणार नाहीत. तेव्हा रस्त्याकडची खोली सोडून मागची घ्यावी. तेथे गोधड्यांची चळत असेल तर उत्तमच, आवाज घुमत नाही.

यंत्र हातात धरू नये, बोटांची हालचालही आत उमटते. टॉवेलाच्या घडीवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ते ठेवावे. अगदी समोर ठेवल्यास प, फ, भ या अक्षरांबरोबर श्वासाचा फटकारा बसतो. अंतर दुप्पट झाले की बोलण्याची तीव्रता चौथाईवर येते. खोलीतला गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. आवाजाची पातळी आपोआप ठरविण्याची सोय बंद करावी, कारण आजी क्षणभर थांबली की ती सोय मागचा गोंगाट वर ओढून आणते. सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी आधीच लावावी, आणि हेडफोन लावून स्वतः ऐकत राहावे.

एवढी दगदग कशासाठी, असे कोणी विचारील. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकात पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. तो संग्रह पुढे लाखाच्या वर गेला. शब्द वहीत उतरले, पण गळा वहीत उतरत नाही. पुढे १९९०च्या दशकात त्या ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, म्हणून आज त्या बायांचा सूर आपणांस ऐकता येतो. पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरोघरची जाती थांबली. ओवी मुद्दाम ऐकावयास जावे असे दिवस आले.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरची बोली कोकणी. काही वर्षांपूर्वी आम्ही आजीपुढे यंत्र ठेवले, तेव्हा पंखा तर चालू होताच, शिवाय तिने दोन ओव्या म्हटल्यावर आम्ही, शिक्षकच ना, तिला म्हणालो, "आजी, तसे नव्हे, जरा शुद्ध मराठीत सांग." ती हसली आणि गप्प बसली. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. त्या मुद्रणात तिच्यापेक्षा आमचाच आवाज अधिक स्पष्ट आहे.

ध्वनी स्वच्छ करावा, बोली स्वच्छ करू जाऊ नये, असे आमचे मत आहे. आपल्या भागातील मराठीत कन्नडची ढब आहे, कन्नडात मराठी शब्द आहेत. ते पुसून मुद्रण केले तर मग काकतीत कशाला करावयाचे? जाते फिरत असेल तर त्याची घरघरही राहू द्यावी, ती ओवीचीच सोबत आहे. पंख्याची तशी नाही.

येत्या सुट्टीत हे काम अवश्य करा. आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगा, शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करा, आणि एक प्रत घरी ठेवून दुसरी शाळेत आणून द्या.