'मॉडेल स्टडी झालीय' म्हणजे नेमकं काय झालंय?

परवा जोगेश्वरी स्टेशनबाहेर कटिंग मारताना वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचा विषय निघाला. मित्र म्हणाला, "मॉडेल स्टडी केल्याशिवाय कोणी समुद्रात खांब टाकतं का रे?" मी मान डोलावली खरी, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. कारण तरुणपणी वर्षभर मी हेच काम केलंय. एका प्रयोगशाळेत, हौदातल्या लाटा मोजायचं.

आपल्याकडे या कामाचं मोठं नाव म्हणजे पुण्याजवळची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, १९१६ पासूनची. बंदर किंवा लाटारोधक बांध बांधायचा तर आधी त्याची लहान प्रतिकृती हौदात करतात. १:५० प्रमाण घेतलं तर समुद्रातली ४ मीटरची लाट हौदात ८ सेंटीमीटरची होते. म्हणजे हौदातली एका मिलिमीटरची चूक बाहेर ५ सेंटीमीटर होते.

लाट मोजायला पाण्यात दोन बारीक समांतर तारा उभ्या सोडतात. पाणी वर चढलं की तारांमधून जास्त वीज वाहते, त्यावरून उंची कळते. साधं आहे, पण पाणी गरम झालं तरीही वीज जास्त वाहते, एका अंशाला साधारण २ टक्के. आम्ही सकाळी कॅलिब्रेशन करायचो. एकदा एप्रिलात दुपारपर्यंत पाणी ३ अंशांनी तापलं आणि आम्ही तसंच मोजत राहिलो. संध्याकाळी सरांनी थर्मामीटर बुडवला आणि सगळा दिवस कचऱ्यात गेला. माझी चूक होती, बोलणी मीच खाल्ली.

आता बघा, ६ टक्के म्हणजे काय. यंत्र म्हणतंय लाट ४ मीटरची, खरी आहे ३.७७ ची. आपण खूश, की ४ मीटरच्या लाटेत दगड हलला नाही! पण दगडाचं लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनात वाढतं. ६ टक्क्यांचा फरक वजनात १९ टक्के होतो. मरीन ड्राइव्हचे ते चार पायांचे टेट्रापॉड आठवा, तसला १० टनांचा ठोकळा पुरेल म्हणून टाकला आणि लागत होता जवळपास १२ टनांचा.

तारा मळल्या तरी चूक होते. आवाजाच्या लहरींनी वरून मोजणारा सेन्सर तारेपेक्षा सुटसुटीत, पण लाट उभी चढली की प्रतिध्वनी परतच येत नाही. शिवाय हौदाच्या भिंतीवरून लाट उलटी येते आणि येणारीत मिसळते. ती वेगळी काढायला ठराविक अंतरावर तीन प्रोब लावतात. एकाच प्रोबवर निकाल दिला असेल तर माझा तरी विश्वास बसणार नाही.

हे काम करणाऱ्यांवर माझा राग नाही, उलट आदरच आहे. राग आहे तो 'तज्ज्ञांचा अहवाल आलाय' म्हणून चर्चा बंद करण्यावर. वरळीचं आठवतंय ना? कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या जायला ६० मीटर पुरे, असं पालिका सांगत होती. कोळी बांधव म्हणत होते १६० हवेत, भरतीला, वाऱ्यात होडी खांबावर आपटेल. शेवटी १२० वर आले, एक खांब कमी झाला. ज्यांची होडी रोज त्या लाटेवर चढते त्यांचं आधीच ऐकलं असतं तर?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वर्सोव्यापासून वर मालाड खाडीपर्यंत, जिथे आपली ओशिवरा नदी जाते, समुद्रात जे काही बांधायचं असेल त्याच्या मॉडेल स्टडीचे कच्चे आकडे जाहीर करा. प्रमाण किती, प्रोब कुठे आणि किती, कॅलिब्रेशन कधी, पाण्याचं तापमान किती, चूक किती गृहीत धरली. मराठीत, आणि जनसुनावणीच्या आधी. चार पानांत मावेल.

कोणी माहितीच्या अधिकारात असे आकडे मागवले असतील तर कमेंटमध्ये टाका. मी बसून वाचीन. तापमानाचा रकाना पहिल्यांदा बघीन.