आईची सॅन्ट्रो आणि एक हजार एक गुरं

गेल्या रविवारी आमच्या घरी कांदेपोह्यांच्या साक्षीने एक सीरियस मीटिंग झाली. अजेंडा एकच. सॅन्ट्रो विकायची की नाही?

बाबांचं म्हणणं, विकायची. गाडी २००३ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१८ला, आरटीओत खेटे घालून परत पासिंग केलं. २०२३ला पुन्हा तेच. 'आता पुढच्या वेळी आरटीओवाले गाडीच्या आधी माझं फिटनेस बघतील,' इति बाबा. माझंही म्हणणं, विकायची. गाडीत एअरबॅग नावाची चीजच नाही आणि हायवेवरच्या अपघातांचे फोटो मला हल्ली बघवत नाहीत. आईचं म्हणणं... आई काही म्हणालीच नाही. तिने फक्त पोह्यांवर लिंबू जरा जास्तच जोरात पिळलं.

घरचा प्रश्न सुटत नसेल तर त्यावर कॉलम लिहावा, हा आम्हा फ्रीलान्सर मंडळींचा जुना फंडा. (मानधन मिळतं, हा बोनस!) सो, आठवडाभर मी दोनच कामं केली. ही गाडी बनवणाऱ्यांची कुंडली काढली आणि ती चालवणाऱ्यांना पिडलं.

कुंडली सुरू होते एका गाईपासून. नाही, खरंच! 'ह्युंदाई' या कोरियन शब्दाचा अर्थ 'आधुनिक', पण कंपनीचा संस्थापक चुंग जू-युंग हा १९१५ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला थोरला मुलगा. त्याचं गाव आज उत्तर कोरियात आहे. शेती नको म्हणून हा पोरगा घरातून पळून जायचा आणि वडील धरून आणायचे, असं अनेकदा झालं. एकदा तर वडिलांनी गाय विकून आलेले पैसे घेऊनच पठ्ठ्या पसार झाला. सोलमध्ये तांदळाच्या दुकानात पोती वाहिली, पुढे ते दुकानच चालवायला घेतलं. मग गाड्या दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, तर ते आगीत खाक. पुन्हा कर्ज, पुन्हा गॅरेज. नंतर बांधकाम, रस्ते, जहाजं... आणि १९६७ साली मोटार कंपनी.

सुरुवात अगदी साधी होती. फोर्डच्या 'कॉर्टिना'चे सुटे भाग आणायचे आणि उल्सानच्या कारखान्यात जोडायचे. पण नुसती जोडाजोडी किती दिवस? १९७४ साली इटलीत ट्यूरिनच्या मोटार शोमध्ये ह्युंदाईने स्वतःची 'पोनी' दाखवली. तिचं डिझाइन जुजारो या इटालियन उस्तादाचं, इंजिन मित्सुबिशीचं आणि काम शिकवायला ब्रिटिश लेलँडमधून आलेले जॉर्ज टर्नबुल. मिसळच म्हणा ना! फरसाण एकाचं, रस्सा दुसऱ्याचा, पाव तिसऱ्याचा, पण खाणारा लक्षात ठेवतो फक्त दुकानाचं नाव.

१९८६ला यांची 'एक्सेल' अमेरिकेत गेली. किंमत पाच हजार डॉलरच्या आत, आणि पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त गाड्या खपल्या. मग मात्र स्वस्ताईचा हिशेब चुकता व्हायला लागला. तक्रारी इतक्या वाढल्या की टीव्हीवरच्या लेट नाइट शोजमध्ये ह्युंदाई हा रेडीमेड जोक झाला. विचार करा, तुम्ही हप्ते भरून घेतलेल्या गाडीवर अख्खा देश रोज रात्री हसतोय!

आता १९९८ या वर्षाकडे या. मला हे वर्ष भन्नाट वाटतं. कोरिया तेव्हा पार कोलमडला होता. नाणेनिधीकडे हात पसरायची वेळ आली होती. साधी माणसं रांगा लावून अंगठ्या, साखळ्या देशाच्या तिजोरीसाठी देत होती. उल्सानमध्ये छाटणीविरुद्ध मोठा संप पेटला होता. आणि त्याच वर्षी जून महिन्यात ८२ वर्षांचे चुंग आजोबा ट्रकांमध्ये पाचशे गुरं भरून, जगातली सगळ्यात कडक सीमा ओलांडून उत्तर कोरियात गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी पाचशे एक. एकूण एक हजार एक. ती जास्तीची एक म्हणजे वडिलांची गाय. बाकीची हजार व्याजाची. त्यात राजकारण होतं, बिझनेसही होता, मान्य. पण पळून गेलेल्या मुलाने साठ-पासष्ट वर्षांनी असा हिशेब मिटवावा, यावर मी तरी सॉलिड फिदा आहे.

गुरांच्या या दोन फेऱ्यांच्या मधोमध, सप्टेंबर १९९८मध्ये, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमधून सॅन्ट्रो आली. भारतात ह्युंदाई हे नाव धड उच्चारताही येत नव्हतं, तेव्हा जाहिरातीत शाहरुख आणि एक कोरियन साहेब आणून कंपनीने आपली ओळख करून दिली. आपल्याकडे छोटी गाडी म्हणजे मारुती ८००, नाहीतर झेन. त्यांच्यापुढे ही उंच छपराची, डब्यासारखी. लोक हसले. पण आत बसले आणि गप्प झाले! फेटा, अंबाडा, आजीचे गुडघे, सगळं आरामात मावत होतं. पुढच्याच वर्षी मारुतीलाही स्वतःची उंच 'वॅगन आर' आणावी लागली. आणि इकडे जोक्सना वैतागलेल्या अमेरिकेत ह्युंदाईने त्याच सुमाराला इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. तुम्हाला आमच्यावर भरवसा नाही ना? ठीक आहे, रिस्क आमची!

खरं तर त्याच वर्षी भारतात आणखी एक कोरियन छोटी आली होती, देवूची 'मॅटिझ'. आमच्या सोसायटीतल्या बी विंगच्या काकांकडे होती. अजूनही विषय काढला की ते हळवे होतात. 'गाडी सॅन्ट्रोपेक्षा गोड होती गं. कंपनीच गेली, तिला गाडी काय करणार?' १९९९मध्ये देवूचा अख्खा डोलारा कर्जाखाली कोसळला. २००२ला जनरल मोटर्सने देवूचा मोटार धंदा घेतला, पण भारतातला कारखाना सोडून. मालकांच्या हातात राहिल्या गाड्या आणि स्पेअरपार्टसाठी वणवण. मॅटिझ २००७ला परत आली ती नाव बदलून, शेवरोले 'स्पार्क' म्हणून. पुढे आपल्या तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना झाला आणि स्पार्क तिथे बनायला लागली. २०१७अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२०च्या डिसेंबरात तळेगावही बंद. हजाराहून जास्त कामगार घरी बसले आणि त्यांचं आंदोलन पुढे बराच काळ चाललं. तो कारखाना घेतला कोणी? ह्युंदाईने. २०२३मध्ये करार झाला आणि २०२५पासून नवी 'व्हेन्यू' तिथून बाहेर पडतेय. म्हणजे एका कोरियन गाडीच्या रिकाम्या घरात दुसरी कोरियन नांदायला आली. बी विंगच्या काकांना हे सांगितलं, तर ते नुसतं 'हं' म्हणाले.

आता मालक लोक. तिसऱ्या मजल्यावरचे काका पक्के निष्ठावंत. सॅन्ट्रो, मग आय टेन, आता क्रेटा. कारण विचारलं तर एका शब्दात उत्तर, 'एसी!' मे महिन्यात सोलापूरला जाणाऱ्या माणसाशी यावर वाद घालू नये. हिंजवडीत घाम गाळणारा माझा कॉलेजमित्र आय ट्वेंटीवाला. त्याने फीचर्सची यादी मला लग्नाच्या बायोडेटासारखी वाचून दाखवली. सनरूफ किती वेळा उघडलंस, विचारलं. 'दोनदा. एकदा डिलिव्हरीच्या दिवशी, एकदा भाची रडत होती म्हणून.' एका रात्री घरी सोडणारे कॅबवाले दादा म्हणाले, 'मॅडम, गाडी कुठं बंद पडली तरी मेकॅनिक भेटतो, आपल्याला तेवढंच लागतं.' आमच्या गल्लीतले गॅरेजवाले भाऊ तर सॅन्ट्रोच्या इंजिनबद्दल घरच्या म्हशीसारखे प्रेमाने बोलतात. टायमिंग बेल्ट वेळेवर बदला, बाकी ती तुम्हाला काही मागत नाही.

विरोधी पक्षही तगडा आहे. माझी एक मैत्रीण गाडी घेताना आधी दरवाजा आपटून बघते. तिचं एकच पालुपद, 'पत्रा बघ, पत्रा!' पत्रा हाताला जाड लागला म्हणजे गाडी सेफ, असं नसतं, हे मी तिला सांगून थकले. पण तिची शंका अगदीच हवेतली नाही. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेल्स ठोकून बघितली. पाचही गाड्यांना शून्य स्टार, त्यात आय टेनही होती. क्रेटाला २०२२मध्ये तीन स्टार मिळाले. २०२३मध्ये व्हर्नाने पाच मिळवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने भारतातल्या सगळ्या मॉडेल्समध्ये सहा एअरबॅग स्टँडर्ड केल्या. टाळ्या! पण म्हणजे हे जमत होतं की. मग आम्हाला इतकी वर्षं आधी म्युझिक सिस्टिम आणि मग जीव, असा क्रम का दिलात? अर्थात गिऱ्हाईक म्हणून आपणही शोरूममध्ये पहिला प्रश्न मायलेजचाच विचारतो. (त्या मायलेजचीही एक गंमत. अमेरिकेत २०१२मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी जवळपास नऊ लाख गाड्यांचं मायलेज फुगवून सांगितल्याचं उघड झालं आणि मालकांना भरपाई द्यावी लागली. बाबांना हे सांगितल्यापासून ते फार खूश आहेत.)

एवढा सगळा डेटा घेऊन मी बुधवारी रात्री आईसमोर बसले. सेफ्टी, पासिंग, पार्ट्स, सगळं मुद्देसूद. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अगं, तुला खंबाटकी आठवतो का?'

आठवतो ना. जुलै २००६. मी नऊ वर्षांची. रात्री साताऱ्याहून मामाचा फोन आला, आजीला हॉस्पिटलमध्ये हलवलंय. बाबा ऑफिसच्या कामाने नागपूरला. आईने गाडी शिकून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि कोथरूडच्या बाहेर ती कधी गेलीच नव्हती. मला मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून तिने गाडी काढली. घाटात पाऊस असा, की वायपर फिरतात की नाही तेच कळेना. पुढे ट्रक, मागे ट्रक. आई सीटच्या टोकाला बसून, स्टिअरिंगला जवळजवळ छाती लावून, मोठ्याने पाढे म्हणत होती. एकोणतीसचा पाढा मला अजून येतो तो त्यामुळे. पहाटे आम्ही पोचलो. आजीने तिला बघून पहिलं काय विचारलं? 'कोण घेऊन आलं तुला?'

'कोणी नाही,' आई म्हणाली होती. 'मीच आले.'

बुधवारी हे सांगताना ती रडली वगैरे नाही. आमची आई त्यातली नव्हे. फक्त म्हणाली, 'त्या आधी माझी उंची बघून सगळे म्हणायचे, हिला रस्ताच दिसणार नाही. या गाडीत दिसला.' पाच फुटांची बाई आणि उंच सीट. हा मुद्दा माझ्या आठवडाभराच्या रिसर्चमध्ये नव्हता.

शनिवारी तिघंही शोरूमला गेलो. बाबांनी अपेक्षेप्रमाणे मायलेज विचारलं. मी स्टार विचारले. आईने तिथल्या मुलाला विचारलं, 'सीट किती वर येते?' त्याने लिव्हर दाखवला. आई बसली, खाली-वर करून बघितलं, आरसे लावले आणि बाबांना म्हणाली, 'अहो, मागे बसा.' मग ती अर्धा तास टेस्ट ड्राइव्हला गेली. परत आली तेव्हा गाल लाल झाले होते. ब्रेक छान आहेत म्हणाली. क्लच हलका आहे म्हणाली. मागचं दिसतं तो कॅमेरा मात्र तिला अजिबात पटला नाही, मान वळवल्याशिवाय रिव्हर्स कसलं?

मग एक्स्चेंजवाला आला. त्याने पार्किंगमध्ये सॅन्ट्रोभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, मिटलं आणि मोबाइलवर आकडा टाइप करून आमच्यासमोर धरला. पस्तीस हजार. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे. आईने टेबलावरची सॅन्ट्रोची किल्ली उचलली, पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

'नवीचं बुकिंग करा,' ती त्या मुलाला म्हणाली. 'पण एक्स्चेंज नको.'

आता आमच्या सोसायटीत फ्लॅटमागे पार्किंग एकच. सेक्रेटरींना पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण घरात लिहिणारी मीच. दुसऱ्या पार्किंगचं सबळ कारण द्या, असा नियम आहे. पहिला ड्राफ्ट आईला दाखवला. खंबाटकीचा पॅरा तिने खोडला, आणि बी विंगच्या काकांची जागा मॅटिझ गेल्यापासून रिकामी आहे, असं वर पेनाने लिहून दिलं.