मोफत आहे, म्हणूनच नीट विचारून घ्या!

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर परीक्षेचं वेळापत्रक, हरवलेल्या आयकार्डची सूचना आणि एनएसएसच्या शिबिराचा कागद यांच्या गर्दीत हल्ली आणखी एक कागद दिसतो. 'मोफत कौशल्य प्रशिक्षण. कालावधी तीन महिने. नावनोंदणी सुरू.' खाली कोर्सची नावं असतात. असिस्टंट इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सोलर पॅनल बसवणं, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती. तो कागद वाचून साधारण दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, 'फुकट आहे म्हणजे त्यात काही दम नसणार.' दुसरी, 'फुकट आहे ना, मग टाक नाव, सर्टिफिकेट तरी मिळेल.' दोघांनीही त्या कागदावरचा एकच शब्द वाचलेला असतो, 'मोफत'. बाकीचा कागद कोणी वाचतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो बाकीचा कागद वाचायला हवा आणि जे त्यावर लिहिलेलं नाही ते तिथे जाऊन विचारायला हवं.

आधी काय-काय उपलब्ध आहे ते पाहू. केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५पासून सुरू आहे. आपल्या राज्यात २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची सुरुवात झाली. ही केंद्रं थेट महाविद्यालयांमध्ये. संख्या १,०००, वयोगट १५ ते ४५ आणि वर्षाला सुमारे दीड लाख तरुणांना मोफत प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट. ऑक्टोबर २०२५मध्ये ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक शाळांमध्ये अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांच्या २,५०० तुकड्या जाहीर झाल्या (इथे फी आहे का, किती, हे ज्याने-त्याने जागेवर विचारावं). शिवाय ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी बँकांनी चालवलेल्या 'आरसेटी' आहेतच. तिथे प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत असतं आणि नंतर कर्जासाठी बँकेचं दार कसं ठोठवायचं तेही शिकवतात. म्हणजे 'आमच्याकडे काही सोयच नाही' असं म्हणायची वेळ आता बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही.

मग आपण जात का नाही? खरं सांगायचं तर लाज वाटते. बीकॉमच्या शेवटच्या वर्षातला मुलगा पाइपला थ्रेडिंग करताना दिसला, तर गल्लीत काय म्हणतील? आपल्याकडे आयटीआय म्हणजे दहावीला कमी मार्क पडलेल्यांची जागा, हे इतकं डोक्यात बसलंय की हातात पाना घेणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं वाटतं. याचं मूळ फक्त मार्कांमध्ये नाही. सुतारकाम, लोहारकाम, चांभारकाम ही कामं पिढ्यान् पिढ्या जातींना चिकटवून ठेवली गेली. ती करणाऱ्यांना कसब होतं, मान मात्र नव्हता. आपण डिग्री घेतो तेव्हा त्यात 'आता हे काम करावं लागणार नाही' असं एक न बोललेलं वचन असतं. आईवडिलांनी अंगमेहनतीत आयुष्य काढलेलं असेल, तर त्यांना ते वचन हवंसं वाटणं साहजिक आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण डिग्री हातात असूनही तालुक्याच्या गावात आठ-दहा हजारांवर काम शोधणारे सीनियर्स आपण रोज बघतोय. ते वचन कॉलेजने पाळलेलं नाही, हेही मान्य करायला हवं.

आता नाण्याची दुसरी बाजू. 'डिग्रीला काय अर्थ आहे, स्किल घ्या, लाखोंनी कमवा' असं सांगणाऱ्या भाषणांचा आणि रील्सचा सध्या सुकाळ आहे. त्यांच्यावरही विश्वास ठेवू नका. साधा हिशोब करू. असे कोर्स बहुतेक वेळा तीनशे-चारशे तासांचे असतात. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस धरले, तर ३०० तासांना साडेबारा आठवडे लागतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तीन महिन्यांत दोन वर्षांचं शिक्षण बसत नाही, कोणीही शिकवलं तरी. म्हणून तर कोर्सच्या नावात 'असिस्टंट' हा शब्द असतो. जाहिरातीत तो बारीक अक्षरात छापला, तरी पगाराच्या वेळी तोच ठळक होतो. स्वतःच्या नावावर वायरिंगची कामं घ्यायला परवाना लागतो आणि तो केवळ या सर्टिफिकेटवर हातात पडत नाही. सोलरचं 'सूर्यमित्र' प्रशिक्षण घ्या. तेही मोफत, तेही तीन महिन्यांचं. पण तिथे प्रवेशाला दहावीबरोबर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडचा आयटीआय मागतात. म्हणजे अल्पमुदतीचा चांगला कोर्स आधीच्या पायावर उभा असतो, हे सरकारलाही ठाऊक आहे.

नोकरीचंही तसंच. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना नोकरी लागल्याची नोंद आहे. २०१६मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने सेक्टर स्किल कौन्सिलच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा सगळे जण आकड्यांमागे धावताहेत आणि मुलांच्या रोजगाराची जबाबदारी कोणी घेत नाही, असाच तिचा सूर होता. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला दर डोई पैसे मिळतात. त्यामुळे वर्गात डोकी भरणं हा तिचा फायदा असतो. ती डोकी पुढे काय करतात, हा प्रश्न उरतो तुमच्याकडे.

हे सगळं वाचून 'मग कशाला जायचं?' असं वाटेल. माझ्या मते जायचं. फक्त त्या तीन महिन्यांकडून काय मिळू शकतं, ते नीट ठरवून जायचं. हे तीन महिने तुम्हाला कारागीर बनवत नाहीत, पण हे काम आपल्याला जमतं का आणि आवडतं का, हे कळायला ते पुरतात. वेल्डिंगच्या ठिणग्यांची भीती जाते का? दिवसभर उकिडवं बसून टाइल लावायची तयारी आहे का? दुसऱ्याच्या घरात जाऊन काम करताना बोलायचं कसं, पैसे सांगायचे किती? ही उत्तरं कुठल्याही पुस्तकात नाहीत. 'नाही, हे आपलं काम नव्हे' एवढं जरी कळलं, तरी दोन वर्षं आणि बापाचे पैसे वाचले. आणि 'हो' असं उत्तर आलं, तर पुढचा रस्ता मोकळा असतो. आयटीआय आहे, १९६१च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहे, तिथे शिकताना स्टायपेंडही मिळतो. अल्पमुदतीचा कोर्स हा उंबरठा आहे. तो ओलांडून आत जायचं असतं, तिथेच सतरंजी टाकून बसायचं नसतं. एकामागून एक पाच मोफत कोर्स करून पाच सर्टिफिकेटं लॅमिनेट करणारे आपल्यातच आहेत. त्यांना नळाचा वॉशर बदलायला सांगा, मग बघा.

चांगलं प्रशिक्षण कसं दिसतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. तिथे मुलं फॅब्रिकेशन, वीज, शेती, आरोग्य यांतली कामं शिकतात ती गावातल्या लोकांची खरी कामं करत. गेट बनवायचं, तर ते कोणाच्या तरी दाराला खरोखर बसणार असतं. वाकडं झालं तर गिऱ्हाईक बोलणार असतं. तिथला कोर्स वर्षभराचा आणि निवासी आहे, तीन महिन्यांचा नाही, हे खरं. पण कसोटी तीच लावता येते: या कोर्समध्ये माझ्या हातून कोणाच्या तरी उपयोगाची एक तरी वस्तू किंवा एक तरी काम पूर्ण होणार आहे का?

म्हणून नाव टाकण्याआधी वर्कशॉप बघायला जा. सर 'नंतर दाखवतो' म्हणाले, तर 'आत्ताच बघतो' म्हणा. तीस जणांच्या तुकडीला वेल्डिंगची यंत्रं किती? एकच असेल आणि तेही कव्हर घालून ठेवलेलं असेल, तर तुमच्या वाट्याला काय येणार, याचा हिशोब सोपा आहे. शिकवणाऱ्याने स्वतः किती वर्षं साइटवर काम केलंय? आधीच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का? बोलता आलं तर 'कोर्स कसा होता?' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. 'आज काय काम करतोस?' असं विचारा. कोर्स कुठल्या एनएसक्यूएफ स्तराचा आहे, परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्र कोणाचं, हे लेखी मागा. मोफत कोर्समध्ये 'डिपॉझिट' किंवा 'किटचे पैसे' मागितले, तर कशासाठी ते विचारा आणि पावती घ्या. मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. आणि मोफत कोर्सचाही खर्च असतो, तो मांडा. एसटीचा पास, दुपारचं खाणं, बुडणारी पार्टटाइम नोकरी. हा आकडा घरी सांगून मगच जा, म्हणजे महिन्याभराने अर्ध्यावर सोडावं लागत नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं. ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या त्या २,५०० तुकड्यांपैकी ३६४ फक्त महिलांसाठी आहेत. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात 'मुलींचा कोर्स' म्हटलं की शिवण आणि ब्युटी पार्लर यापलीकडे गाडी फारशी जात नाही. ही कामं कमी दर्जाची मुळीच नाहीत. प्रश्न असा आहे, की एकाच गावात वीस जणी एकच कोर्स करून बाहेर पडल्या तर गिऱ्हाईक कुठून येणार? घरात एकट्या असणाऱ्या बाईला वायरमन बाई आलेली चालेल की पळेल? पळेल. मग तो कोर्स मुलींनी मागायला हवा आणि संस्थेने तो जमेल असा ठेवायला हवा. वर्कशॉपमध्ये स्वच्छतागृह नसेल आणि तुकडी संध्याकाळी सातला सुटत असेल, तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट असून काय उपयोग? शेवटची गाडी निघून गेलेली असते.

आणि आता कॉलेजांबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर व्हीएससी, एसईसी, ओजेटी ही अक्षरं आपल्याला पाठ झाली आहेत. बऱ्याच ठिकाणी व्हीएससी म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ आणि शेवटी तीस मार्कांची लेखी परीक्षा. दुसरीकडे त्याच इमारतीत तळमजल्यावर कौशल्य केंद्राची पाटी लागलेली असते. या दोन गोष्टींची एकमेकांशी ओळख करून द्यायला काय हरकत आहे? राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १,२०० तासांच्या शिक्षणाला ४० क्रेडिट धरतात. त्या हिशोबाने ३०० तासांचे १० क्रेडिट होतात. मुलगा खाली तीन महिने घाम गाळणार आणि वर त्याची हजेरी कापली जाणार, हे थांबवणं प्राचार्यांच्या आणि विद्यापीठाच्या हातात आहे. तुकडीची वेळ परीक्षेच्या महिन्यात येणार नाही एवढं बघणं तर अगदीच हातात आहे. हे मागायला विद्यार्थी परिषद किंवा वर्गप्रतिनिधी लागतातच असं नाही. दहा जणांनी सह्या करून अर्ज दिला, तरी तो नोंदवून घ्यावा लागतो.

शेवटी 'मोफत' या शब्दाकडे येऊ. या जगात फुकट काही नसतं. तुमच्या कोर्सचे पैसे कोणीतरी भरलेले आहेत, कराच्या रूपाने. त्यात तुमच्या घरच्यांनी साबणापासून पेट्रोलपर्यंत भरलेला करही आला. तेव्हा वर्कशॉपमध्ये यंत्र बंद असेल, सर येत नसतील, तर 'जाऊ दे, फुकटच तर आहे' असं म्हणू नका. फी भरलेल्या क्लासमध्ये जसं भांडलं असतं, तसंच इथे भांडा. आणि यंत्र चालू असेल, सर शिकवत असतील, तर रीलसाठी हेल्मेट घालून फोटो काढून झाल्यावर ते हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. पुढचे चार तास कामाचे आहेत.