खालची काडी हलू नये

डोंबिवलीला नूडल्सची नवलाई राहिलेली नाही. स्टेशनबाहेरच्या आणि मानपाडा रोडवरच्या चायनीजच्या गाड्यांवर इथल्या दोन पिढ्यांनी हाका नूडल्स काट्याने खाल्ल्या आणि कुणाचे काही अडले नाही. आता मात्र घरातली सात-आठ वर्षांची मुले कोरियन मालिका बघून रामेनचे पाकीट मागतात आणि त्याबरोबर चॉपस्टिकही मागतात. दुकानांत मुलांच्या डब्या-बाटल्यांशेजारी कार्टूनच्या डोक्याच्या, रंगीत कड्यांच्या ‘ट्रेनिंग चॉपस्टिक’ लटकताना दिसतात. त्यातला बराच माल बाहेरून येतो. साहजिकच आपल्या वाचकांपैकी काही मोल्डरांकडे व्यापारी एखादी जोडी घेऊन येतात आणि म्हणतात, ‘अगदी अश्शीच काढून द्या, रंग तेवढे बदला.’ स्टीलला कटर लागण्याआधी त्या जोडीकडे नीट पाहिले जावे, म्हणून या महिन्याचे संपादकीय या लहानशा वस्तूवर.

अशी एक जोडी समोर ठेवूनच हे लिहीत आहोत. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, कारण या घडणीच्या अनेक जोड्या बाजारात आहेत. दोन्ही काड्या वरच्या टोकाला बदकाच्या डोक्यात अडकवलेल्या आहेत. वरच्या काडीला तर्जनी आणि मधल्या बोटासाठी दोन मऊ कड्या, खालच्या काडीला अंगठ्यासाठी एक. बोटे घाला आणि दाबा, टोके जुळतात. सैल सोडा, उघडतात. पाच वर्षांच्या मुलाला पहिल्याच प्रयत्नात पनीरचा तुकडा उचलता येतो आणि घरचे खूश होतात. पण तोच हात बाजूने पाहा. अंगठा खालच्या काडीला घेऊन वर येतो, दोन बोटे वरच्या काडीला घेऊन खाली येतात. दोन्ही काड्या हलतात. व्यापाऱ्याने आणलेली वस्तू चिमटा आहे, आणि मूल चिमटा वापरायला शिकते आहे.

खऱ्या पकडीत खालची काडी जागची हलत नाही. ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकते, पुढे अनामिकेच्या कडेवर विसावते आणि अंगठ्याच्या बुडाने तिथेच दाबून धरली जाते. हालचाल सगळी वरच्या काडीची. अंगठ्याचे टोक, तर्जनी आणि मधले बोट यांत ती पेन्सिलीसारखी धरायची आणि अंगठ्याच्या टेकूवर वरखाली करायची. म्हणून मुलांना शिकवताना आधी एकच काडी हातात देऊन हलवायला लावतात आणि ती जमली की दुसरी खालून सरकवतात. कड्यांच्या जोडीवर वर्षभर जेवलेल्या मुलाला साधी जोडी दिली की ते पुन्हा पहिल्या दिवसावर येते, ही जपानी पालकांची नेहमीची तक्रार आहे. त्यात मुलाचा दोष नाही. त्याच्या बोटांनी जे कमावले ते साध्या जोडीला लागतच नाही.

आपल्या मुलांचा हात आणखी वेगळ्या सवयीचा आहे, आणि डिझायनरने सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. आमटी-भात कालवणारे, भुईमुगाची शेंग फोडणारे, बांगड्याचा काटा काढणारे मराठी मूल बोटांनी अडाणी नसते. पण हाताने घास घेताना चारही बोटे एकत्र येतात आणि अंगठा घास पुढे ढकलतो. चॉपस्टिकला नेमके याच्या उलट हवे असते: अनामिका आणि करंगळी मिटून स्वस्थ, उरलेली तीन कामाला. हाताचे हे दोन भाग वेगवेगळे चालवणे हीच नवशिक्याची खरी अडचण. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलांची पेन्सिलची पकड सुधारताना याच गोष्टीवर मेहनत घेतात. मग आधार कुठे द्यायचा? जिथे मूल अडते तिथे, म्हणजे खालच्या काडीला. बाजारातली जोडी मात्र तर्जनीला आणि मधल्या बोटाला कड्या घालते. शेंगदाणा चिमटीत धरणारी ही बोटे आधीच तयार असतात. ज्या अनामिकेला काही कळत नाही, तिच्यासाठी त्या जोडीत काहीच नाही.

आमचे मत असे की बेचक्यात बसणारा खालच्या काडीचा भाग किंचित फुगीर असावा, अनामिकेवर टेकणाऱ्या जागी उथळ खाच असावी आणि पकडीचा सगळा भाग गोल न ठेवता त्रिकोणी किंवा चौकोनी ठेवावा, म्हणजे काडी हातात फिरणार नाही. वरच्या काडीला अंगठ्यासाठी एक चपटी जागा पुरे. कडी हवीच असेल तर ती एकच असावी, अनामिकेसाठी, आणि काढता येण्यासारखी.

लांबीवर वाद घालण्याचे कारण उरलेले नाही. तैवानच्या हसू आणि वू या संशोधकांनी 1991 मध्ये ‘अप्लाइड अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात याच प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रौढांना सुमारे 240 मिलिमीटर आणि शाळकरी मुलांना सुमारे 180 मिलिमीटर लांबीची काडी सर्वांत सोयीची ठरली. जपानी घरांतला ठोकताळाही जुना आहे. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, दोन टोकांमधले अंतर घ्यायचे आणि त्याची दीडपट करायची. दुसरा ठोकताळा उंचीच्या 15 टक्क्यांचा. 120 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला 18 सेंटिमीटर आणि 160 सेंटिमीटरच्या मोठ्या माणसाला 24, म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा आणि घरातला हिशेब एकाच ठिकाणी येतात. त्याच हिशेबाने बालवाडीतल्या मीटरभर उंचीच्या मुलाला 15 सेंटिमीटर पुरेत. एकच माप काढून खोक्यावर ‘वय 3 ते 10’ छापणे हे गिऱ्हाइकाला फसवणे आहे. देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये काढले, आणि ते प्रत्येक डिझायनरच्या हाताशी असायला हवे. पण चार वर्षांच्या मुलाच्या बेचक्यापासून अनामिकेच्या पेरापर्यंतचे अंतर तुम्हाला स्वतःच जाऊन मोजावे लागेल.

आणखी एक फरक नक्कल करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईच्या आसपास, बरीच मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या भागसभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले होते. तिकडच्या पाळणाघरात जाणारे मराठी मूल रोज दुपारी वर्गातल्या सगळ्यांना चॉपस्टिकने जेवताना पाहते. शिकाऊ जोडी तिथे नुसती मदतीला असते, शिकवते ती पंगत. डोंबिवलीतल्या मुलासमोर असे कुणीच नसते. आईबाबांनाही येत नाही, आजी-आजोबांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे इथे वस्तूलाच शिकवावे लागणार आणि पालकांनाही तिच्याकडूनच शिकावे लागणार. खोक्यातला कागद हा त्यामुळे वस्तूचाच भाग ठरतो. तो मराठीत असावा. त्यात हाताचे चित्र समोरून नको, जेवणाऱ्याला स्वतःचा हात दिसतो तसे वरून काढलेले हवे. खालची काडी एका रंगाची आणि वरची दुसऱ्या रंगाची ठेवली तर निम्मे काम तिथेच होते: ‘निळी हलवायची नाही’ एवढे आजीलाही सांगता येते.

मुलाचा हात पाहून, जवळपास मिळेल त्यातून साधन घडवायचे, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे काम कोसबाडला गेले. माँटेसोरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते. तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने केली. वाटीतले दाणे चिमट्याने दुसऱ्या वाटीत टाकण्याचा खेळ आजही बालवाड्यांत चालतो. आपल्या जोडीची पहिली चाचणीही तिथेच व्हावी, पण पदार्थ आपले घ्यावेत. आधी इडलीचा तुकडा, मग पनीर, मग उकडलेला राजमा आणि शेवटी तेलकट नूडल्स. भाताची चाचणी कोलमवर घेऊ नये, सुट्या शिताला कुठलीच काडी पुरी पडत नाही. इंद्रायणीचा चिकट भात घ्यावा.

आता मशीनकडे वळू. पीपी स्वस्त आहे आणि खाण्याच्या वस्तूंना चालते, पण 18 सेंटिमीटर लांब आणि टोकाला बारीक काडी पीपीची केली तर दाब आला की ती वाकते आणि टोके एकमेकांना चुकवतात. 15 सेंटिमीटरला हा दोष फारसा जाणवत नाही, त्यापुढे कडक ग्रेड किंवा एबीएस पाहावे. मूठ भरीव ठेवली की थंड व्हायला वेळ लागतो आणि वर खड्डे पडतात, म्हणून आतून पोकळ करावी. मात्र त्या पोकळीत पाणी आणि अन्न साचता कामा नये. आमच्या समोरच्या बदकाच्या डोक्यात नेमके तेच होते: बिजागरीच्या फटीत घासणीचा एक धागाही जात नाही. गेट टोकाला देऊ नये, मुठीच्या वरच्या बाजूला द्यावे. डायची जोडरेषा त्रिकोणाच्या सपाट बाजूवर आली तर फ्लॅशची कडा थेट बोटाखाली येते, म्हणून ती कोपऱ्यावर आणावी. टोकाच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरला बारीक आडव्या रेघा हव्यात, पण खोल नकोत. आणि टोक बोथट हवे. मुले काडी तोंडात धरून पळतात, त्यामुळे या मुद्द्यावर तडजोड नाही.

मऊ भागांची परीक्षा हळद घेते. फिकट सिलिकॉन आणि टीपीई आपल्या स्वयंपाकात फार दिवस टिकत नाहीत, रंग चढतो तो उतरत नाही. आणि पिवळी पडलेली कडी आई फेकून देते, मग मूल ती वापरत असो वा नसो. रंग ठरवण्याआधी तो भाग हळद घातलेल्या कोमट तेलात रात्रभर ठेवून पाहावा. शेजवान चटणीतही तसाच ठेवावा.

दाणा व्हर्जिनच हवा. पीपीसाठी आयएस 10910, रंगासाठी आयएस 9833. मास्टरबॅच घेताना पुरवठादाराकडून लेखी घ्या. वस्तूतून अन्नात उतरणाऱ्या द्रव्याची चाचणी आयएस 9845 प्रमाणे होते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत त्याची मर्यादा किलोमागे 60 मिलिग्रॅम आहे. खेळण्यांचा आयएस 9873 आपल्या मालाला लागू होवो वा न होवो, त्यातली लहान तुकड्याची चाचणी कराच. सुटणारी कडी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या त्या नळीत पूर्ण बसत असेल तर ती तान्ह्या भावंडाच्या घशातही जाऊ शकते. घरात मोठ्या मुलाची जोडी असते तिथे धाकटेही रांगत असते.

ज्यांना प्लास्टिक नको त्यांना कोकणातला माणगा बांबू जवळ आहे. तो भरीव असल्याने काड्यांना चांगला, पण पावसाळ्यात बुरशी धरणार नाही अशी प्रक्रिया करावी लागेल. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

राहता राहिला आधार काढून घेण्याचा प्रश्न. शिकाऊ जोडी विकत घेतली जाते ती एक दिवस बाजूला ठेवण्यासाठी, आणि तो दिवस डिझाइनमध्ये आधीपासून असायला हवा. वरचा जोड काढता यावा. त्यानंतर अनामिकेची कडी निघावी. उरावी ती खाच असलेली, त्रिकोणी मुठीची, स्वतःच्या पायावर उभी जोडी. तीच मुलाने पुढे काही वर्षे वापरावी. ज्या जोडीतले काहीच सुटत नाही ती विकत घेऊन पालक पुन्हा दुकानात येतात हे खरे, पण चॉपस्टिक जमत नाही असे ठरवून मूलच काट्याकडे वळले तर ते गिऱ्हाईक कायमचे गेले. डावऱ्या मुलांसाठी खाच आणि कडी उलट्या बाजूला असलेली कॅव्हिटी करावी. दहातले साधारण एक मूल डावरे असते. आपल्याकडे डाव्या हाताने जेवू देत नाहीत, हे कारण सांगून ही कॅव्हिटी टाळू नये. निदान चॉपस्टिकच्या बाबतीत तरी त्या मुलाला त्याचा हात मिळू द्या.

एवढे सगळे एका काडीसाठी कशाला, असे कुणी म्हणेल. जपानच्या फुकुई प्रांतातले ओबामा हे लहानसे शहर वाकासा पद्धतीच्या लाखेच्या चॉपस्टिकवर नावारूपाला आले. तिथे बोटांच्या मापांचा आणि टोकांच्या घडणीचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. डोंबिवली एमआयडीसीच्या दोन्ही फेजमध्ये, वागळे इस्टेटमध्ये, भिवंडीत लहान टूलरूम कमी नाहीत. कमी आहे ते गिऱ्हाइकाचा हात मोजण्याची सवय. शिवाय अशी जोडी फक्त मुलांपुरती राहत नाही. अर्धांगवायूनंतर बोटांत बळ नसलेल्या माणसांना जपानमध्ये जोडलेल्या, स्प्रिंगच्या चॉपस्टिक देतात. लहान हाताची अडचण ज्याने ओळखली, त्याला चमच्याची मूठ, कात्रीची कडी, औषधाच्या बाटलीचे झाकण यांतही पुढचे काम दिसेल.

ज्यांच्याकडे या वस्तूची चौकशी आलेली आहे त्यांना आमची विनंती: डायची ऑर्डर घेण्याआधी 15, 18 आणि 21 सेंटिमीटरच्या जोड्या लाकडात किंवा थ्री-डी प्रिंटवर करा आणि जवळच्या बालवाडीत पंधरा दिवस राहू द्या. ताईंच्या परवानगीने मुलांच्या हातांची मापे घ्या: अंगठा-तर्जनीचा ताण, बेचक्यापासून अनामिकेचे अंतर, उंची आणि वय. मुलांची नावे नकोत. मापे आमच्याकडे पाठवा, ती पाठवणाऱ्या टूलरूमच्या नावाने अंकात छापू, म्हणजे पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागणार नाही.