‘वॉल काढून फेका’ म्हणे!

रविवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. तब्येतपाणी विचारून होण्याआधीच मुद्द्यावर आले. "अरे, गाडीचा काटा वर चढून राहिला. ट्रॅफिकमध्ये थांबलो की चढते. आपला मेकॅनिक म्हणते, वॉल काढून फेकू. अर्ध्या तासाचं काम आहे. टाकू का संध्याकाळी गाडी त्याच्याकडे?"

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. मी इतक्या जोरात "नाही!" म्हणालो, की स्वयंपाकघरातून ही धावत बाहेर आली. फोनवर काही नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. भाऊजी वाचतीलच (ताई वाचायला लावेल). पण नागपुरात गाडी चालवणाऱ्या बाकीच्यांनीही वाचा. कारण दर उन्हाळ्यात, कूलरला नवीन खस लावायच्या सुमारास, हा सल्ला आपल्याकडे हमखास निघतो.

ऐकायला तो अगदी पटतो, हे आधीच कबूल करतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, गाडी आधीच तापलेली, मग अडथळा हवाच कशाला? काढून टाका, पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील. थंड देशातल्या लोकांची ती सोय, विदर्भात तिचं काय काम?

पटतं खरं. पण चूक आहे.

पहिली गोष्ट, इंजिन थंड राहायला बनवलेलंच नाही. ते साधारण ९० अंशांच्या आसपास चालायला बनवलंय. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, ऑइलचा पातळपणा, पेट्रोल किती सोडायचं याचा हिशेब, सगळं त्या तापमानाला धरून. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक छोटी डबी असते. बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ते मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, नंतर रेडिएटरकडे जातं. ही झडप काढली, की गाडी तापायलाच वेळ लागतो. कॉम्प्युटर समजतो इंजिन अजून गारच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली ओल उडून जात नाही. अॅव्हरेज पडतो आणि इंजिन झिजतं. पण यातलं काहीच काट्यावर दिसत नाही ना, म्हणून सगळे खूश.

दुसरी गोष्ट तर उलटीच आहे. बऱ्याच गाड्यांत हीच झडप दुसरंही एक काम करते. रेडिएटरची वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. झडपच नसेल, तर बायपास कायम उघडा. मग थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच. म्हणजे ऐन चढावर, गाडी भरलेली असताना, जेव्हा थंडाव्याची खरी गरज असते, तेव्हाच तो कमी मिळतो!

आणि तिसरी, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. भाऊजी, ही तुम्हाला माहीत आहे, पण पूर्ण माहीत नाही.

आमच्या गांधीबागेतल्या घरासमोर बाबांची छोटी पांढरी गाडी उभी असायची, आठवते? २००७ च्या उन्हाळ्यात ती अशीच ट्रॅफिकमध्ये तापायला लागली. एका मेकॅनिकनं वॉल काढून दिला. काटा पार खाली बसला. बाबा इतके खूश, की गल्लीत चार जणांना त्यांनी हाच सल्ला दिला. कूलंट घालणंही बंद केलं. "आपल्याकडे काय बर्फ पडते?" म्हणत घरच्या बोअरिंगचं पाणी ओतायचे. अॅव्हरेज पडला, तर दोष पेट्रोल पंपाला.

मग मे २००९. चुलत बहिणीचं लग्न. उमरेडहून काकू बस्ता घ्यायला आल्या होत्या. गांधीबागेत लग्नसराईत बस्त्याची गर्दी म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. हातठेले, कापडाचे गठ्ठे, सायकलरिक्षे, मधेच एखादा ट्रक. सगळा बस्ता डिकीत कोंबून दुपारी दोनला आम्ही उमरेडला निघालो. महालपर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला आणि काटा लाल रेघेला टेकला. दोन वर्षांत पहिल्यांदा. बाबा म्हणाले, ट्रॅफिक सुटली की उतरेल. आणि सक्करदऱ्याच्या पुढे काटा खरंच उतरला. एकदम, पार तळाला. "पहा, झाली थंडी!" बाबा म्हणाले. मीही हसलो. दिघोरीच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं.

काटा का उतरला होता? पाणीच संपलं होतं म्हणून. खालचा लोखंडी पाइप आतून गंजून फुटला होता. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी गेलं, की तो नुसत्या हवेत लटकतो आणि थंड आहे म्हणून सांगतो. म्हणजे गाडी सगळ्यात जास्त तापली होती तेव्हा काटा सगळ्यात खाली होता.

पुढचं बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "सायलेन्सरला हात लागला" एवढंच ते म्हणायचे. खरं असं, की उतरून त्यांनी बॉनेट उघडलं आणि रुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. ते झाकण नुसतं झाकण नसतं, ते आतलं पाणी दाबाखाली ठेवतं. त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं, की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. बाबांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. डाग शेवटपर्यंत गेला नाही. आणि "पाणी टाकून पाहा नं बाबा" असं मागच्या सीटवरून म्हणालो होतो तो मी.

आता कुणी म्हणेल, पाइप गंजला यात वॉलचा काय दोष? बरोबर. वॉल काढल्यानं पाइप फुटला असं मी म्हणतच नाही. मी म्हणतोय, २००७ मध्ये गाडी काहीतरी सांगत होती आणि आपण तिचं तोंड बंद केलं. थांबल्यावर तापते, चालताना नाही, याचा अर्थ सहसा पंख्याचं काहीतरी बिघडलंय किंवा जाळीतून वारा जात नाही. पंखा कुणी तपासलाच नाही. काटा दुरुस्त झाला, गाडी नाही. आणि काटा खाली म्हणून दोन वर्षं कुणी बॉनेट उघडून पाणी पाहिलं नाही.

वॉल काढणाऱ्यांची एक बाजू मात्र मान्य. रस्त्यात वॉल बंद अवस्थेत अडकला, पार्ट मिळत नाही, तर तो काढून घरापर्यंत येणं ठीकच. जुन्या ड्रायव्हर लोकांनी तेच केलं. पण घरी आल्यावर नवीन बसवायचा, हे अर्धं वाक्य मधेच कुठेतरी गळून पडलं.

आणि आपल्या उन्हाबद्दल बोलायचं, तर रेडिएटर म्हणजे कूलर नव्हे. कूलरमध्ये पाणी उडतं, म्हणून हवा बाहेरच्यापेक्षा गार होते. रेडिएटरमध्ये पाणी बंदिस्त असतं, ते फक्त बाहेरच्या हवेला उष्णता देऊ शकतं. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असताना पाणी आणि हवेत ८० अंशांचा फरक असतो, नवतपात ४५. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात निम्म्याहून जरासंच जास्त काम करतो. म्हणून तर इथे सगळे भाग धड असायला हवेत! थंड देशात अर्धा चोंदलेला रेडिएटर निभावून जाईल, नागपुरात नाही. बोअरिंगच्या जड पाण्यानं खार धरतो, गंज चढतो, नळ्या चोंदतात. कूलंट बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी घालायचं. तेही डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात, शुद्ध पाण्यात मिसळून. नुसतं घट्ट कूलंट ओतणारेही भेटलेत मला. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

तर भाऊजी, संध्याकाळी गाडी जरूर टाका, पण हे सांगा. आधी पंखा लागतो का, तो पाहा. एसी लावून वेगळा, गाडी तापवून वेगळा. जाळीतला कचरा काढा. झाकणाचं रबर पाहा. वॉल खराब असेल तर नवीन टाका. काटा ट्रॅफिकमध्ये थोडा चढून पंखा लागल्यावर उतरत असेल, तर ते आजारपण नाही, गाडीचा श्वास आहे. लाल रेघेकडे गेला, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू (हो, मे महिन्यातसुद्धा. घाम येईल, इंजिन वाचेल), आणि बाजूला घेऊन बंद करा. तापलेल्या इंजिनवर बादली ओतू नका. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आणि वर गेलेला काटा एकदम तळाला आला, तर हसू नका. तिथेच थांबा.

मेकॅनिक हसेल. हसू द्या. बाबांची गोष्ट त्यालाही सांगा, या वेळी पूर्ण सांगा.

असो. पंखा लागला की नाही, ते रात्री कळवा.