बेरीज सर्व्हरने करावी, हेलपाटे शेतकऱ्याने का मारायचे?

मित्रांनो, विषय थोडा तांत्रिक आहे, पण आपल्या खिशाशी जोडलेला आहे. शेवटपर्यंत वाचा.

समजा, एका शेतकऱ्याची वडीगोद्रीत 80 आर आणि शहागडला 40 आर जमीन आहे. म्हणजे एकूण 1 हेक्टर 20 आर. नंतर वारसाने वडीगोद्रीत आणखी 40 आर नावावर आली. सातबारा बदलला, पण मदतीच्या यादीत जुनाच आकडा राहिला, तर अतिवृष्टीचं अनुदान 40 आरचं कमी येणार. मग काढा झेरॉक्स, गाठा अंबड!

यावर डेटाबेसमध्ये दोन जुनेच उपाय आहेत : व्ह्यू आणि ट्रिगर.

व्ह्यू म्हणजे आपला आठ-अ समजा. बेरीज कुठं लिहून ठेवायची नाही. मागितली की त्याच क्षणी मूळ टेबलांतून जुळवून दाखवायची. त्यामुळे आकडा शिळा होत नाही. पण आठ-अ एका गावापुरता असतो. दोन गावांची जमीन जोडायला नावावर भरवसा ठेवून चालत नाही. एका कागदावर ज्ञानेश्वर, दुसऱ्यावर ज्ञानोबा असतो. तिथं एकच क्रमांक लागतो. शेतकरी ओळख क्रमांकाचा खरा उपयोग हाच व्हायला हवा.

ट्रिगर म्हणजे एका टेबलात बदल झाला की दुसरं काम आपोआप सुरू होणं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की फेरफारासाठी माहिती ऑनलाइन पुढं जाते, ते याच धर्तीचं. पुढं नोटीस, हरकतीचे 15 दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी असते. ती राहिलीच पाहिजे. जमिनीचा मालक परस्पर मशीनने बदलू नये.

आता कुणी म्हणेल, मग सगळीकडं व्ह्यूच लावा. तसंही नाही. व्ह्यू आजची स्थिती दाखवतो. नुकसान सप्टेंबरात झालं आणि यादी डिसेंबरात निघाली, तर हिशेब सप्टेंबरचा पाहिजे. म्हणून प्रत्येक बदलाला ट्रिगरने जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव वेगळ्या टेबलात लिहून ठेवावं. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू आहे. पीक आपण मोबाईलवर नोंदवतो, जमीन सातबाऱ्यावर आहे, आधार बँकेला जोडलेलं आहे. माहिती सगळी सरकारकडंच आहे. तरी तीच कागदं पुन्हा आपल्याकडंच मागायची, हे कुठलं डिजिटल?

माझ्या मागण्या तीनच :
1. मदतीच्या यादीतलं क्षेत्र हाताने टाइप करू नये, मूळ नोंदीतून घ्यावं.
2. यादी पक्की होण्याआधी गट नंबरनिहाय बेरीज शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवावी आणि ग्रामपंचायतीत लावावी.
3. आकडा बदलला तर कुणी, कधी, का, हे शेतकऱ्याला दिसावं.

ग्रामसभेत हा विषय मांडू या. तोपर्यंत आपापला सातबारा आणि आठ-अ काढून बेरीज एकदा स्वतः करून बघा.