शेवटपर्यंत वाचून झाल्यावर

लग्नाच्या पंगतीत एक गृहस्थ हमखास भेटतात. जिलबीचा तिसरा वाढा झाला, मठ्ठ्याची चौथी वाटी रिकामी झाली, की हात धुता धुता ते शेजाऱ्याला सांगतात, "जिलबीत काही राम नव्हता हो!" राम नाही हे वास्तविक पहिल्याच जिलबीला कळायला हवं होतं. पण तेव्हाच कळलं असतं, तर पुढच्या अकरा कोणी खाल्ल्या असत्या? या गृहस्थांबद्दल माझी तक्रार नाही. ते आचाऱ्याच्या घरी जाऊन त्याला शिव्या घालत नाहीत, की गावातली जिलबीची दुकानं बंद करा म्हणून अर्ज करत नाहीत. वाचकांत मात्र यांचेच एक चुलतभाऊ आहेत, आणि ते या दोन्ही गोष्टी करतात. आजचं माझं भांडण त्या चुलतभावांशी आहे.

हे चुलतभाऊ मला भेटले ते 'फॅन फिक्शन' नावाच्या मुलखात. ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा. एखादी कादंबरी आवडते, संपते, पण मन भरत नाही. मग चाहते तीच पात्रं घेऊन पुढच्या, मधल्या, राहून गेलेल्या गोष्टी स्वतःच लिहायला बसतात. मानधन नसतं, नाव बहुधा टोपण असतं. जादूगारांची शाळा, उडणारे ड्रॅगन, टोकदार कानांचे एल्फ, माणसाचं रक्त पिणारे परंतु दिसायला देखणे तरुण, अशा अद्भुत कथांवर तर हे चाहते जीव ओवाळून टाकतात. आपण मराठी माणसांनी याचं नवल करायचं कारण नाही. व्यासांनी थोडक्यात आटोपलेलं पात्र उचलायचं आणि त्याच्यावर जाडजूड कादंबरी लिहायची, हा आपल्याकडे प्रतिष्ठित उद्योग आहे.

आता या गोष्टींमध्ये काही गोष्टी 'मॅच्युअर' असतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा हात सवयीने व्याजाच्या तक्त्याकडे गेला. आमच्या बँकेत मॅच्युअर होते ती फक्त मुदत ठेव. ती मॅच्युअर झाली की खातेदार पेढे घेऊन येतो. गोष्ट मॅच्युअर झाली की वाचक काठी घेऊन येतो, एवढाच दोघींत फरक.

बरं, लेखकाने काही लपवून ठेवलेलं असतं म्हणावं, तर तसंही नाही. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचं या गोष्टींचं एक अवाढव्य भांडार आहे. चाहत्यांनीच ते उभारलं, २००९ साली सर्वांना खुलं केलं, आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या दुनियेत हा पुरस्कार म्हणजे मोठाच मान. तिथे प्रत्येक गोष्टीच्या कपाळावर तिचा दर्जा लिहिलेला असतो: सर्वांसाठी, किशोरवयापासून पुढे, मॅच्युअर, आणि त्याहून उघडं असेल तर तसं. शिवाय चार धोक्याच्या पाट्या आहेत: रक्तपाताची वर्णनं, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. लेखकाला पाटी लावायची नसेल, तर 'मी पाटी लावणार नाही' अशी पाटी लावावी लागते! एवढ्यावर भागत नाही. प्रौढ गोष्टीच्या दारात पाहुण्या वाचकाला अडवून विचारतात, की बाबा रे, आत प्रौढांसाठीचा मजकूर असू शकतो, तुझी तयारी आहे ना? खाली दोन बटणं. पुढे जा. मागे फिरा.

वाचकहो, मी कर्जाच्या खात्यावर बसलेला माणूस आहे. कर्जाच्या कागदांवर अटी मुंगीच्या अक्षरात असतात आणि सही कुठे करायची तिथे मात्र ठसठशीत फुली. इथे सगळा उलटा कारभार. अटी ठळक, आणि सही करायच्या आधी 'पुन्हा विचार करा' असं सांगणारा माणूस दारात उभा.

तर आमचे चुलतभाऊ काय करतात? 'पुढे जा' दाबतात. पहिलं प्रकरण वाचतात. दुसरं वाचतात. रात्रीचे दोन वाजतात, उद्या ऑफिस आहे, तरी वाचतात. पंचविसावं प्रकरण संपलं की डोळे चोळत उठून बसतात आणि लेखिकेला कळवतात, "शी! हे काय लिहिलंय? मला धक्का बसला!" अहो, धक्का बसायला पंचवीस प्रकरणं लागत असतील, तर त्याला धक्का म्हणत नाहीत. त्याला गोडी म्हणतात.

या मंडळींचे युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला: "जिच्या डोक्यात असलं येतं ती बाई स्वतः कशी असेल?" माझ्या कॅश काउंटरवरून एके काळी रोज लाखो रुपये गेले आहेत. त्यावरून मला कोणी लखपती समजल्याचं स्मरत नाही. आमचा वाणीही नाही. जे हातातून जातं ते आपलंच असतं असं नाही, ही साधी गोष्ट कॅशियरच्या बाबतीत जगाला पटते, लेखकाच्या बाबतीत पटत नाही. राक्षसाचं क्रौर्य लिहिणारी बाई सकाळी डबा भरून, रांगोळी घालून लोकल पकडते, हे यांच्या मनात बसतच नाही.

दुसरा युक्तिवाद: "आमच्या लहानपणच्या दैवतांना बाटवलं!" म्हणजे मूळ पुस्तकातल्या निष्पाप पात्रांना या लोकांनी मोठं केलं, प्रेमात पाडलं, अंथरुणात नेलं, रडवलं, मारलं. आता असं बघा. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स काढलीत आणि तिच्यावर पेनाने चार शून्यं वाढवलीत, तर खात्यातली शिल्लक वाढत नाही. तशीच ती खोडलीत म्हणून कमीही होत नाही. मूळ खातं आमच्या लेजरात शाबूत असतं. मूळ कादंबरीही कपाटात तशीच असते, तिचं एक अक्षर हललेलं नसतं. झेरॉक्सवर रागावून बँकेला आग लावायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं?

तिसरा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "मुलांच्या हाती पडेल" ही ती भीती. घरात मुलं आहेत त्या प्रत्येकाला ती आहे, आणि असावी. मी तर पुढे जाऊन म्हणतो, की ज्या लेखकाने पाटी न लावता, गोड परीकथेचं कव्हर घालून आत भलतंच वाढलं, त्याला झोडायला मी तुमच्या पुढे उभा राहीन. ती फसवणूक आहे. बाटलीवर सरबत लिहून आत फिनेल भरण्याचा प्रकार आहे. पण बाटलीवर फिनेल लिहिलंय, बाटली वरच्या फळीवर ठेवलीय, आणि तरीही तुम्ही शिडी लावून चढलात, तर ओरडा कोणाला? मुलाचं वय गोष्टीला ठाऊक नसतं. ते घरच्यांना ठाऊक असतं. ते काम गोष्टीच्या गळ्यात बांधून आपण टीव्हीपुढे बसायचं, ही काही संस्कारांची काळजी नव्हे.

आणि मॅच्युअर म्हणजे शयनगृहच, ही समजूत तरी कोणी पसरवली? आमची एक भाची आहे, वय वर्षं सव्वीस, लिहिते बरी. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तिची पोथी. १९५४-५५ साली आलेलं हे पुस्तक लिहिणारा माणूस १९१६ च्या सोमच्या लढाईत खंदकात राहून आलेला. त्याचा नायक फ्रोडो जग वाचवून घरी परततो खरा, पण त्याची जखम बरी होत नाही. वर्षाच्या त्या त्या दिवशी ती पुन्हा डोकं वर काढते, आणि शेवटी त्याला ते लाडकं घर सोडून जावं लागतं. भाचीने लिहिली ती घरी परतल्यानंतरच्या रात्रींची गोष्ट. झोप न येणाऱ्या, जगणं नकोसं वाटणाऱ्या माणसाची, आणि त्याच्या उशाशी गप्प बसून राहणाऱ्या सॅमची. सात प्रकरणं. त्यात चुंबनसुद्धा नव्हतं. पण विषय जड म्हणून तिने इमानाने वर लिहिलं: मॅच्युअर.

सातही प्रकरणं वाचून एका सद्गृहस्थांनी कळवलं, की वीरपुरुषांना रडकं करणाऱ्यांचे हात मोडले पाहिजेत. दुसऱ्यांनी तिला वेड्यांच्या डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला. तिसऱ्यांना ही विकृती वाटली. भाचीने गोष्ट काढून टाकली. महिन्याभराने तिला परदेशातून एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. त्यांचा भाऊ सैन्यातून परतल्यापासून झोपत नव्हता. ती गोष्ट त्यांनी एकदा वाचली होती, आता त्याला वाचून दाखवायची होती, आणि ती सापडत नव्हती. कुठे गेली?

भाचीने त्यांना ती पाठवून दिली. पण पुन्हा काही लावली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना मामा. रोज सकाळी उठून कोण ऐकून घेणार?"

हा हिशेब चुलतभावांच्या वहीत कुठेच येत नाही. त्यांच्या लेखी एक घाण कमी झाली. ज्यांना त्या गोष्टीची गरज होती ते मुळात गप्प बसणारे लोक, त्यांचा आवाज वहीत येणार कुठून?

आणि हीच माणसं एकेकट्याने न ओरडता घोळक्याने ओरडली, की काय होतं त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. २००२ साली 'फॅनफिक्शन डॉट नेट'ने अशा गोष्टींच्या सर्वांत वरच्या प्रौढ दर्जालाच बंदी घातली. २००७ च्या मे महिन्यात 'लाइव्हजर्नल' या कंपनीने बाहेरच्या तक्रारींवरून सुमारे पाचशे लोकांची पानं एका फटक्यात बंद केली. कशाच्या आधारावर? त्यांनी आपल्या आवडीच्या विषयांच्या यादीत लिहिलेल्या शब्दांच्या! त्यात जादूच्या शाळेच्या चाहत्यांच्या गोष्टी तर गेल्याच. पण लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या लोकांचे एकमेकांना आधार देणारे गटही गेले, आणि नाबोकॉव्हच्या 'लोलिता' कादंबरीची स्पॅनिशमध्ये चर्चा करणारी मंडळीही गेली. अत्याचार करणाऱ्याच्या आणि सोसणाऱ्याच्या तोंडी शब्द एकच असतो, हे शब्द मोजणाऱ्याला कळत नाही. पुढे कंपनीने माफी मागितली, बरीचशी पानं परत आणली. आमच्याकडे एखाद्या कारकुनाने अर्जात 'चोरी' हा शब्द दिसला म्हणून चोरीची तक्रार घेऊन आलेल्याचंच खातं गोठवलं, तर त्याची बदली होईल. तिथे निदान माफी तरी मागितली.

कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची थेरं, आपल्याला काय त्याचं? तर आपला कालिदास घ्या. पुराणातल्या शिवपार्वतीची गोष्ट घेतली, 'कुमारसंभव' लिहिलं, आणि आठव्या सर्गात त्या दोघांचा शृंगार रंगवला. नवव्या शतकातले आनंदवर्धन म्हणाले, देवांचा असा शृंगार अनुचितच, पण कवीच्या सामर्थ्यापुढे तो दोष झाकून जातो. अकराव्या शतकातल्या मम्मटांना तेवढंही पटलं नाही. आपल्याच आईबापांच्या शृंगाराचं वर्णन करावं तसं हे अत्यंत अनुचित, असं त्यांनी बजावलं. म्हणजे आठवा सर्ग मम्मटांनीही वाचला होता, हे उघड आहे! पण फरक पाहा. त्यांनी दोष दाखवला, कारण दिलं, आणि थांबले. पोथी फाडा म्हणाले नाहीत. पुढे मल्लिनाथाने त्याच सर्गावर शांतपणे टीका लिहिली. नापसंती कशी व्यक्त करावी याचा हा नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा वस्तुपाठ आहे. खांडेकरांची १९५९ ची 'ययाति' तरी काय? शाप, अकाली म्हातारपण, मुलाने बापाला दिलेलं तारुण्य, आणि विषय कामवासना. वर पाटीदेखील नाही. तिला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, आणि आमच्या आळीतल्या कर्मठ काकूंच्या कपाटातही ती होती.

नाकं मुरडणारे आणि वाचणारे नेहमी वेगळे असतात असंही नाही. 'ट्वायलाइट' या रक्तपिपासू प्रेमकथेवरच्या एका चाहतीच्या गोष्टीतून २०११ साली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' निघालं. जगभर नाकं मुरडली गेली आणि दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. नाक मुरडलं तरी डोळे उघडे ठेवता येतात, हे शरीरशास्त्र आहे.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. आवडलं नाही? सांगा. का नाही आवडलं तेही सांगा. भाषा कच्ची आहे, दुःख उसनं आहे, शृंगार ओढूनताणून आणलाय, जे वाटेल ते. पाटी खोटी असेल तर खुशाल भांडा. पण पाटी वाचून, बटण दाबून, रात्र जागवून, फुकटात मिळालेली गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत, तर निदान लिहिणाऱ्याचे हात मोडायला निघू नका.

कारण त्या दुसऱ्या बटणाइतकी सोपी सोय माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेली नाही. 'मागे फिरा' दाबायला फॉर्म लागत नाही, दोन फोटो लागत नाहीत, आधार कार्डाची सही केलेली प्रत लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, जेवणाची सुट्टी झाली म्हणून ते कधी बंद होत नाही.